चहा टाकायची रिंग

मुसेम्बी गाडी चालवताना झोपत नसे, पण पुरता जागाही नसे. गारिसाच्या लष्करी तळावरून सरहद्दीकडे रसद नेणाऱ्या ताफ्यात तो पाण्याचा टँकर चालवायचा. टँकरचं नाव त्याने सूसू ठेवलं होतं, म्हणजे त्याच्या कांबा बोलीत आजी. सूसू चढाला कण्हायची, उताराला पुटपुटायची, आणि मुसेम्बी तिला सकाळपासून सांगत राहायचा की चल गं बाई, पोचलोच आपण. समोर लाल धूळ, धुळीत तरंगणारी बाभळीची झाडं, मधूनच जमिनीला पाय न लावता गेल्यासारखे रस्ता ओलांडणारे उंट. अशा रस्त्यावर पन्नाशीकडे झुकलेल्या ब्रह्मचाऱ्याला स्वप्नं पडणार नाहीत तर काय?

स्वप्न मात्र एकच होतं आणि तो ते पुरवून पुरवून पाहायचा. आपल्या गावी कितुईला पत्र्याचं घर, दारात आंब्याचं झाड, झाडाखाली खुर्ची, आणि खुर्चीतल्या निवृत्त मुसेम्बीच्या पुढे आलेला चहाचा पेला. पेला कोणाच्या हातात आहे हे दिसायचं नाही. फक्त मनगट दिसायचं, मेंदी लावलेलं.

तसलं मनगट त्या रस्त्यावर एकच होतं. हारादेर गावात डेका नावाच्या विधवेचं चहाचं दुकान होतं. सगळा ताफा तिथे थांबे आणि थांबे तेव्हा उंटिणीच्या दुधाचा चहा उकळता तयार असे. ताफा कधी निघणार हे ड्रायव्हरांनासुद्धा त्याच सकाळी कळायचं, इतकं ते गुपित. पण तो हारादेरला कधी पोचणार हे डेकाला कळायचं. त्याची युक्ती अशी. हारादेरच्या अलीकडे मैलोन् मैल मोबाइलला रेंज नाही. टेकडी चढून आलं की खासगी कंपनीचा मनोरा दिसतो. डेका रोज सकाळपासून अधूनमधून मुसेम्बीला मिस्ड कॉल द्यायची. तळ सोडून तो टेकडीपलीकडे असेपर्यंत फोनमधली बाई स्वाहिलीत सांगायची की ही व्यक्ती मिळत नाही. मग पुन्हा रिंग वाजली की डेका फोन कापायची आणि चहा टाकायची. टेकडीवरून गावात यायला सूसूला जितका वेळ लागे, तितकाच दुधाला उकळी यायला लागे. मुसेम्बीला हा योगायोग देवाने मुद्दाम घडवलेला वाटायचा.

आता अडचण अशी की मुसेम्बीचा नंबर एकट्या डेकाकडे नव्हता. मागणाऱ्याला नाही म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटे. शेळ्या विकणाऱ्याकडे होता, पंक्चरवाल्याकडे होता, गावाला गाठोडं पाठवू पाहणाऱ्या दहा अनोळख्यांकडे होता. आणि अलीकडे टेकडी ओलांडली की डेकाच्या पाठोपाठ आणखी एक मिस्ड कॉल यायला लागला. एकच रिंग. अनोळखी नंबर. उलट फोन केला तर कोणी उचलायचं नाही.

मुसेम्बीने यावरून जो निष्कर्ष काढायचा तोच काढला. कोणीतरी बाई होती. लाजरी. दोन फेऱ्यांत तिला त्याने लांब वेण्या दिल्या, तिसऱ्या फेरीत घोगरा आवाज दिला. त्याच फेरीत तो आरशात पाहून मिशी पुसत हारादेरला उतरला आणि डेका जळते का पाहावं म्हणून तिला सगळं सांगून बसला.

डेका पेले विसळत होती. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझ्यावर? आरसा आहे ना रे गाडीत?"

"म्हणून तर म्हणतो. टेकडीवर आलो की तिला बरोबर समजतं. मनाची तार जुळलेली असते, डेका."

"मन कसलं? माझ्यासारखीच सकाळपासून फोन लावत असेल." इतकं बोलून डेका थांबली. पेला तिच्या हातात तसाच राहिला. "मुसेम्बी, रिंग वाजली की मी चहा टाकते. ती काय करते?"

परतीच्या वाटेवर मुसेम्बीला स्वप्न पडलं नाही. वेण्या गळून पडल्या आणि टेकडीखालच्या नाल्यावरचा अरुंद पूल तेवढा डोळ्यांपुढे राहिला. सगळ्या गाड्या तिथे एकामागून एक, गोगलगाईसारख्या, जातात.

तळावर पोचल्यावर तो ताफ्याच्या प्रमुख कॅप्टन चेलागतबाईंसमोर उभा राहिला आणि त्याने चहापासून मिशीपर्यंत सगळं सांगितलं. नोकरी जाणार हे त्याने धरलंच होतं. बाईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि मग मिटलं. गाडीतल्या वायरलेसने मान टाकल्यापासून त्या स्वतः ताफ्याचा ठावठिकाणा मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये टाकत होत्या, त्याच मनोऱ्यावरून.

"तुझी एक रिंग होती, कॉर्पोरल," त्या म्हणाल्या. "माझा तर अख्खा ग्रुप आहे. मनोऱ्याच्या त्या टोकाला कोण बसलंय, ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही."

वायरलेस दुरुस्त होईपर्यंत ताफा हलला नाही. मग सगळ्यांचे फोन बंद होऊन तळावरच्या पेटीत गेले. वाटेत कोणालाही कळवायचं नाही, चहावालीला तर नाहीच. "मॅडम, ती काळजी करेल," मुसेम्बी म्हणाला. "करू दे," बाई म्हणाल्या, पण हळू म्हणाल्या.

टेकडीवर ताफा थांबला. कुठेच काही वाजलं नाही. नुसता वारा, आणि सूसूच्या पोटात हलणारं पाणी. शिपाई पायी पुढे गेले. पुलाखाली त्यांना उकरलेली माती सापडली, मातीतून निघालेली वायर, एक चटई, खजुराच्या बिया आणि अजून ऊब असलेली राख. आधीच्या फेऱ्यांना नुसता वेळेचा अंदाज घेऊन, या खेपेला एका रिंगची वाट पाहत कोणीतरी बसलं होतं आणि पायी येणारी माणसं पाहून पळालं होतं. सुरुंग काढणाऱ्यांचं काम संपेपर्यंत मुसेम्बी सूसूच्या सावलीत बसून राहिला. त्याला भलत्याच वेळी चहाची तलफ आली होती.

हारादेरला पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. डेका चुलीपुढे बसली होती, फोन मांडीवर उताणा. रिंग आली नाही तरी सकाळी टाकलेलं दूध तिने उतरवलंच नव्हतं. ते आटून आटून त्याचा तपकिरी खवा झाला होता.

"दिवसभर फोनमधली ती बाई सांगत होती, तू मिळत नाहीस," डेका म्हणाली.

"मिळालो की."

तिने पेला भरला, म्हणजे कालथ्याने खरवडून भरला. "हा प्यायचा नाही. चमचा घे."

तेव्हापासून हारादेरचा चहा असाच मिळतो. ताफा कधी येईल ते डेकाला कळत नाही, म्हणून ती पहाटे दूध ठेवते आणि मंद आचेवर राहू देते. शिपाई कुरकुरतात, कॅप्टनबाई गरम पाणी मागून घेतात. मुसेम्बी चमच्याने पेल्याचा तळ खरवडतो. आंब्याच्या झाडाखालच्या त्या मनगटाला आता वर चेहरा आलाय, फक्त ते त्याने तिला अजून सांगितलेलं नाही. हल्ली तो कोणालाच काही कळवत नाही.