दादाचा उजवा हात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या माहेरची, आसेगावची बंडी आमच्या मंगरूळच्या घरापुढे थांबली आणि गाडीवान खाली उतरून नुसताच उभा राहिला. मी ओसरी सारवत होते. "बोल न बाप्पा, काय झालं?" म्हटलं, तर बैलाच्या मानेवर हात फिरवत तो म्हणाला, "मास्तर गेले, ताई. चार-पाच दिसापासून ताप होता. काल पोळ्याले बैल पाह्यले, आज सकाऊन उठलेच नाई." मी शेणाचे हात धुतले, आधी त्याला पाणी दिलं आणि तशीच बंडीत जाऊन बसले. वाटेत मला रडू आलं नाही, राग आला. चार-पाच दिवस ताप होता आणि मला एका शब्दानं कळवलं नाही. असाच होता तो. स्वतःचं दुखणं सांगायची वेळ आली की दुसऱ्याच्या शेळीची चौकशी करणारा...

नारायण मास्तर माझा थोरला भाऊ, माझ्याहून पुष्कळच मोठा. लहानपणी तापात त्याच्या उजव्या हातावरून वारं गेलं. हात खांद्यापासून लोंबायचा, बोटं कधी हलली नाहीत. बाबांनी पोहरादेवीला नवस बोलला, मंगरूळच्या दर्ग्यात चादर घातली, वैदूंनी सांगितलेली सगळी तेलं चोळून झाली. माय सांगायची, नवसाचा नारळ दिसला की हा पळून जायचा. धोतराच्या निऱ्या तो भिंतीला पाठ टेकून एका हातानं काढायचा आणि कोणी मदतीला आलं की खवळायचा. मात्र लग्नाच्या पंगतीला तो घरूनच जेवून जाई. डाव्या हातानं खाणारा माणूस शेजारी बसला की लोक पत्रावळ सरकवत. मला ते आठवलं की आजही संताप येतो. तो मात्र हसायचा. म्हणायचा, "गोदे, लोकाईले माहा हात दिसते, मले त्याईचे बुंदीचे लाडू दिसते. नुकसान कोणाचं?"

व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन तो आमच्याच आसेगावच्या शाळेत लागला. म्हातारे मास्तर गेल्यावर शाळा एकट्या त्याच्यावर आली, आणि तिथंच सगळं अडलं. आमच्याकडे पोरगं शाळेत घालायचं म्हणजे दसऱ्याला नवी पाटी, हळदकुंकू, नारळ घेऊन यायचं. मास्तरनं पोराचा हात आपल्या हातात धरून पाटीवर 'श्री' काढून घ्यायचा. तो निघाला की पोरगं शाळेचं झालं. आता दादाचा लिहिता हात डावा. शुभाच्या दिवशी डावा हात पोराच्या हातावर कोण ठेवू देणार? आईबाप दारापर्यंत आले, पाट्या पदराखाली घेऊन परत गेले. पाटील तसे भले माणूस. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या विद्येले आमी नाव ठेवत नाई. पन डाव्या हातानं पोराचा शिरीगणेशा कसा करावा?" पुढल्या वर्षीही तेच झालं. जुनी पोरं वर सरकत होती, खाली नवं कोणी येत नव्हतं. नवी पोरं येत नसतील तर शाळा ठेवायची कशाला, असं वरून विचारणं झालं. शाळा गेली असती तर दादाची नोकरी गेली असती, पण त्याचं दुःख वेगळंच होतं. तो मायला म्हणाला, "पोरं माह्यापाई अडानी राहून राह्यली."

तिसऱ्या दसऱ्याला मी सहा-सात वर्षांची असेन. सकाळपासून दादा ओसरीवर बसलेला, समोर पाट मांडलेला, आणि कोणी फिरकत नव्हतं. मला नवी पाटी पाहिजे होती, बाकी काही कळत नव्हतं. मी जाऊन त्या पाटावर बसले. म्हटलं, "दादा, माहा काहून नाई काढत 'श्री'?" माय आतून म्हणाली, "काढ रे तिचा. पोरीचं कोण पाह्यते, डावा का उजवा?" आमच्या घरात पोरीच्या जातीला अशी मोकळीक होती. मी मात्र हट्ट धरला. उजवाच हात पाहिजे, सगळ्यांच्या पोरांना उजवा, मला काहून डावा? मग दादानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि माझ्या मुठीवर ठेवून दिला. हात थंड होता आणि भलता जड. "आता हा काही ओढनार नाई," तो म्हणाला. "तुलेच ओढा लागन." मी ओढला. खडू मोडला, रेघ भलतीकडेच गेली, पण 'श्री' निघाला.

ती पाटी घेऊन मी गावभर पळाले. "दादानं उजव्या हातानं 'श्री' काढून देल्ला," असं ज्याला-त्याला सांगत सुटले. खोटं काय होतं त्यात? पण गावानं ऐकलं ते असं, की मास्तरचा हात जिता झाला. कोणी म्हणे देवीनं केलं, कोणी म्हणे पीरबाबानं. जेवणाच्या वेळेपर्यंत आमच्या अंगणात नारळ, फुलं आणि नटवून आणलेली पोरं. बाया दादाच्या हाताच्या पाया पडायला वाकल्या. त्या वेळी तो गप्प बसला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? शाळा तर वाचलीच होती. पण दादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हात जसा होता तसाच हाये. जिता-बिता काही झाला नाई. मी फक्त पोराच्या हातावर ठेवतो, लिवते ते पोरगं. पटत असन तं बसवा, नाई तं नारळ घेऊन जा." पाटलाची म्हातारी माय काठी टेकत पुढे आली, तिनं दादाचा हात उलटासुलटा करून पाहिला, बैल पारखतात तसा. "उजवाच हाये न?" तिनं विचारलं. "उजवाच हाये, आजी." "मंग घाल पोराईच्या डोक्श्यात अक्कल," म्हणाली आणि नातवाला पाटावर बसवलं.

त्यानंतर गावातलं प्रत्येक पोरगं तो हात ओढूनच शाळेत आलं. त्याच्या शाळेत डावखुऱ्या पोराला मार नव्हता, एवढंच एक सांगते. बाकी छडी चालायची, तो काही संत नव्हता. लग्न जमलं नाही. मुलगी द्यायला कोणी आलं नाही आणि मागायला तो गेला नाही. माझे यजमान गेले तेव्हापासून मात्र दर आठवडी बाजाराला तो मंगरूळला यायचा, ओसरीवर बसायचा, भाजीला मीठ कमी आहे म्हणायचा आणि संध्याकाळच्या बंडीनं परतायचा. त्या बसण्यानं मी जगले.

परवा दसऱ्याला मी आसेगावला गेले होते, घर आवरायला. दारात गोविंदा उभा. हा दादाच्याच हाताखालचा, आता वावर कसतो. सोबत त्याची धाकटी पोरगी, हातात कोरी पाटी.

"ताई, इचा 'श्री' काढून द्या."

मी म्हटलं, "शाळेत नवे मास्तर आले न? दोन्ही हात धड हायेत त्याईचे. तिथं जाय."

"गेलतो. ते हात घट्ट धरून सोताच लिवून टाकतेत. लेकरू नुसतं पाह्यते."

"अन् माहा हात कसा चालन रे? सणाचा दिवस, मी अशी बिनाकुंकवाची..."

गोविंदानं पोरीला पाटावर बसवलं. "मास्तरचा तरी कुठं चालत होता, ताई?" तो म्हणाला.

मी बसले. हात तिच्या मुठीवर ठेवला. धड हात सैल सोडणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. बोटं सारखी आवळायला बघत होती, मीच काढून टाकते म्हणत होती. मी त्यांना काही करू दिलं नाही. पोरगी ओठ दाताखाली धरून ओढत होती. रेघ पाटीच्या काठाला जाऊन लागली, परत आली. वेलांटी निघाली.

"म्या काढला," ती बापाला म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी माझा हात उचलला आणि सांभाळून माझ्या मांडीवर ठेवून दिला.