साडूभाऊंनी समुद्राला नावं ठेवली

या पृथ्वीच्या पाठीवर देवाने आजवर अशी एकही वस्तू घडवलेली नाही, जिच्यात माझ्या मोठ्या साडूंना खोट सापडली नाही. माणूस असो, म्हैस असो, नवं घर असो की लग्नातला मठ्ठा असो, साडूभाऊ आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारणार, मान तिरपी करणार, भुवया वर नेणार आणि मग अत्यंत दुःखी आवाजात म्हणणार, "तसं ठीक हाये. पण..." हा 'पण' ऐकण्यासाठी त्यांच्या सौंसर गावात लोक चहा पाजतात. आमच्या पांढुर्ण्याचा जिल्हा झाला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाले, "मास्तर, जिल्हा झाला हे ठीक हाये. पण फळ बारीक हाये." पेढ्याबद्दल म्हणाले की जिल्ह्याबद्दल, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

हा त्यांचा स्वभाव नव्हे, धंदा आहे. साडूभाऊ संत्र्याचे व्यापारी. झाडावर फळ उभं असतानाच अख्खा बगीचा उक्ता घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्यात पहिला नियम असा की बगीच्यात शिरताना तोंड पाडून शिरायचं. झाडं फळांनी वाकलेली असोत, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत असोत, तोंडाने मात्र म्हणायचं, "साल जाड दिसून राहिली. पानं काळी पडली, कोळशी रोग आला का काय? मागच्या वर्षी बरा होता तुमचा माल." कौतुकाचा एक शब्द गेला की मालकाचा भाव चढलाच. तीस-चाळीस वर्षं, आंबिया आणि मृग अशा संत्र्याच्या दोन्ही बहारांत, असं तोंड पाडून हिंडल्यावर ते तोंड घरी आल्यावरही वर होईना, त्याला साडूभाऊ तरी काय करणार!

ते मुलगी पाहायला आमच्या सासुरवाडीला, मोहगावला आले, तेव्हाही हेच तोंड घेऊन आले. ही मुलगी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई. ताई चहा घेऊन आल्या. साडूभाऊंनी पाहिलं आणि सासऱ्यांच्या देखत म्हणाले, "रंग ठीक हाये. उंची जराशी कमी भरते. पोहे मऊ झाले." घरातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. ताई आत जाऊन रडल्या. पण सासरे स्वतः संत्र्याचे बागायतदार. ते उठून आत गेले आणि हसत म्हणाले, "काऊन रडते वं? जो वाहवा करते तो चहा पिऊन निघून जाते. जो नावं ठेवते तोच माल घेते. हा घेते, पाह्यजो." आणि तसंच झालं. त्या दिवसापासून ताईंच्या स्वयंपाकात, शिवणात, रांगोळीत रोज नवी खोट निघत राहिली आणि संसार अगदी सुखाचा झाला.

तरीही बाईमाणसाचं मन. ताई कधीकधी माझ्या बायकोजवळ म्हणत, "एक डाव तरी कशाले तरी चांगलं म्हणा, बाप्पा." एकदा सगळे पचमढीला गेलो होतो. धूपगडावर सूर्यास्ताला शेकडो माणसं श्वास रोखून उभी, आणि साडूभाऊ म्हणाले, "बुडाला चांगला. पण घाई केली." जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीपुढे मात्र ते निमूट हात जोडून उभे राहत. तेवढी एकच जागा. बाहेर पडल्यावर प्रसादाला नाव ठेवून ते भरपाई करत.

पुढे ताईंचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच मधोमध पुसट होतं. माणसाचा खांदा दिसतो, चेहरा नाही. गेलेलं परत येणार नव्हतं आणि उरलेलंही किती टिकेल ते सांगता येत नव्हतं. त्या सुमारास त्यांच्या मुलीने फोनवर अंदमानच्या समुद्राच्या आतला एक व्हिडिओ लावला होता. ताई तो फोन डोळ्याच्या कडेशी धरून, मान वाकडी करून बघत बसल्या आणि म्हणाल्या, "माह्ये डोळे आहेत तोवर हे एकदा खरंखुरं पाहाचं हाये मले." आयुष्यात प्रथमच त्यांनी काही मागितलं होतं.

साडूभाऊंनी अंदमानमध्ये ताबडतोब एकेक खोट काढली. पावसाळ्यात लाटा फार. त्याच्यानंतर मृग बहाराचे सौदे. मग उन्हाळा. मग आंबिया बहार. असं करता करता वर्ष निघून गेलं आणि एक दिवस ताईंनी भाजीत मीठ समजून साखर टाकली. साडूभाऊंनी ती भाजी सगळी खाल्ली. नाव ठेवलं नाही. माझ्या बायकोला हे कळलं तेव्हा ती घाबरलीच. दुसऱ्या दिवशी साडूभाऊंचा मला फोन आला, "मास्तर, विमानाची तिकिटं काढा. चौघाइची."

सोबत त्यांनी सौंसरची संत्री घेतली. अंदमानात पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका छोट्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत बसलो. मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसाला, ज्याने पाणी म्हणजे विहीर, टँकर आणि फार तर धरण एवढंच पाहिलंय, त्याला ते निळं अफाट पाहून काय वाटलं ते मला सांगता येत नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी साडूभाऊ मान तिरपी करून बसले होते. म्हणाले, "एवढं पाणी! अन् एका झाडाले द्याच्या कामाचं नाही." मग अंगावरच्या नारिंगी लाइफ जॅकेटकडे बघून, "हा संत्र्याचा रंग नोहे. हा खरबुजाचा." थोड्याच वेळात बोट डुलायला लागली आणि निम्म्या प्रवाशांना मळमळू लागलं. तेव्हा मात्र साडूभाऊंनी पिशवी उघडली. संत्रं सोलायचं, साल दुमडून नाकाशी धरायची आणि पिळायची. बघता बघता बोटभर सौंसरचा वास पसरला आणि बंगाली, मद्रासी, पंजाबी सगळी मंडळी सालं हुंगत शांत बसली. एक बाई म्हणाल्या, "अंकल, बहुत मीठा है।" साडूभाऊ म्हणाले, "इस साल उतना नहीं है।"

बेट लहानसंच होतं. पांढरी वाळू, मागे गर्द झाडी आणि भोवती काचेसारखं पाणी. तिथल्या गाईडने आम्हाला तोंडावर लावायचा काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी दिली. साडूभाऊंच्या मुखवट्यात सारखं पाणी शिरू लागलं. त्यांनी मुखवट्याला नावं ठेवली, काचेला ठेवली, रबराला ठेवली. गाईडने शांतपणे सांगितलं, "अंकल, मूँछ." साडूभाऊंच्या झुपकेदार मिशीमुळे रबर बसत नव्हतं. काढून टाका म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. शेवटी त्या मिशीला भरपूर व्हॅसलीन चोपडलं, तेव्हा कुठे पाणी थांबलं. मिशी चपटी झालेले साडूभाऊ पाहून माझी बायको वाळूत बसून हसली. ताईंना ती मिशी दिसली नाही, म्हणून तिने त्यांना ती बोटांनी चाचपायला लावली, आणि मग दोघी बहिणी लहानपणीसारख्या हसल्या.

पाण्यात हवा भरलेल्या एका रबरी रिंगणाला ताई आणि साडूभाऊ, दुसऱ्याला मी आणि बायको, असे लटकलो. गाईड आम्हाला ओढत आत घेऊन गेला. मी तोंड पाण्यात घातलं. खाली एक गावच वसलेलं होतं. दगडाला फांद्या फुटलेल्या, फांद्यांना जांभळी, पिवळी, लाल टोकं, आणि मध्ये मासे, शाळा सुटल्यासारखे, थव्याने वळणारे. निळे इतके निळे की डोळ्यांना गार वाटावं. कसलाही आवाज नाही, फक्त आपलाच श्वास. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीपासून इथे असंच चालू होतं आणि मी पांढुर्ण्यात खडू झिजवत होतो, या विचाराने मला भरून आलं. मुखवट्यात रडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

डोकं वर काढलं तर ताईंनीही काढलं होतं. नळी तोंडातून काढून त्या हळूच म्हणाल्या, "मले काही दिसत नाही. नुसते रंग सांडल्यावानी दिसते." त्यांचा आवाज रडका नव्हता, तेच जास्त वाईट होतं. इतक्या दुरून आणलं, आणि एका वर्षाने उशीर झाला होता. साडूभाऊ ताईंकडे बघेचनात. त्यांनी नळी तोंडात घातली आणि तोंड खाली केलं.

बराच वेळ ते वर आले नाहीत. फक्त नळी आणि टक्कल पाण्यावर दिसत होतं. मी मनात म्हटलं, आता हा माणूस वर येणार आणि म्हणणार, 'तसं काही खास नाही वं, तुह्यं काही हुकलं नाही.' बायकोचं दुःख कमी करायला एवढं खोटं बोलण्याचा त्यांना जन्मभराचा सराव होता.

ते वर आले. धापा टाकत होते. म्हणाले, "ऐक. तुह्या पायाखाली एक झाड हाये. दगडाचं हाये, पण झाडच. आपल्या मोहगावच्या बगीच्यातलं विहिरीजवळचं पसरट झाड आठवते ना तुले? तसं. त्याच्या फांद्याइत पिवळे मासे हायेत. पिवळे म्हणजे कसे, तोडीच्या आधी फळ पिवळं पडते अन् देठापाशी हिरवी झाक राहते, तसे. शेपटीपाशी हिरवे."

"आंबियाचं पिवळं का मृगाचं?" ताईंनी विचारलं.

"आंबियाचं."

"हं," ताई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

साडूभाऊ पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. जांभळा मासा म्हणजे कच्च्या वांग्याच्या सालीचा, काळे पट्टे म्हणजे तुझ्या हिरव्या लुगड्याचे काठ, तो मोठा शिंपला तोंड उघडतो-मिटतो, झोपेतल्या आपल्या नातवासारखा. मी बघत होतो तेच ते सांगत होते, पण त्यांचं ऐकून मला जास्त दिसायला लागलं. ताई मध्येच म्हणाल्या, "किती असतीन मासे?" झाडाखाली उभं राहून नजरेने फळांचा अंदाज करण्यात ज्याचा हात धरणारा सगळ्या तालुक्यात कोणी नाही, तो माणूस म्हणाला, "मोजता नाही येत वं. मोजाले गेलो तर पाहाचं राहते."

मग ताईंनी तो प्रश्न विचारला. "बरं, खोट काय हाये?"

साडूभाऊ खाली गेले. ही पाहणी सगळ्यात लांबली. गाईड घड्याळ बघायला लागला. माझी बायको माझा दंड धरून होती. ते वर आले, मुखवटा कपाळावर सरकवला, चपटी मिशी पुसली आणि म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"खोट नाही. कुठंच नाही."

ताई पाण्यातच मोठ्याने हसल्या. "म्हणजे हे घेत नाही तुमी!"

"हे घ्याचं नसते," साडूभाऊ म्हणाले. "हे पाहून हात जोडून वापस जाचं असते." आणि त्यांनी एक हात रिंगणावरून काढून खरोखरच कपाळाला लावला. तोल जाऊन त्यांच्या तोंडात खारं पाणी गेलं, त्यालाही त्यांनी नाव ठेवलं नाही.

त्या बेटाने सौंसरच्या एका चांगल्या व्यापाऱ्याचं वाटोळं केलं, असं बाजारातले लोक म्हणतात. आता साडूभाऊ बगीचा पाहायला निघाले की ताईंचा हात धरून त्यांना बरोबर नेतात, आणि मालकाच्या देखत मोठमोठ्याने सांगतात, "काय लदलं हाये वं! फांदी जमिनीले टेकली. वरच्या अंगाले रंग असा चढला हाये, जशी संध्याकाळ." मालक ऐकतो आणि खुशीत भाव चढवतो. भागीदाराने हात जोडून सांगितलं, "भाऊ, तुमी घरी बसा." तेव्हापासून सौदे मुलगा करतो आणि हे दोघं नुसतेच हिंडायला जातात. रेल्वेलाइनपलीकडे ढग कसे आलेत, जाम नदीला पाणी किती, कोणाच्या अंगणात कोणती फुलं, सगळं ते ताईंना सांगतात आणि सगळंच आता चांगलं असतं. मला कधीकधी जुन्या साडूभाऊंची आठवण येते. पेढ्याला नाव ठेवणारं माणूस गावात उरलं नाही.

मागच्या आठवड्यात मी सौंसरला गेलो होतो. ताईंना आता कडेचंही फारसं दिसत नाही. ओट्यावर दोघं बसले होते, साडूभाऊ संत्रं सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होते. ताईंनी केसांवरून हात फिरवला आणि सहज विचारलं, "आज मी कशी दिसून राहिली?"

साडूभाऊंनी मान तिरपी केली. भुवया वर गेल्या. जुनं तोंड पाडून, पार दुःखी आवाजात ते म्हणाले, "तसं ठीक हाये. पण लुगडं चुरगळलं. भांग वाकडा पडला. अन् उंची तर आधीपासूनच कमी."

ताईंचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. माझ्या आवाजाच्या दिशेने वळून त्या म्हणाल्या, "ऐकलं का भाऊजी? अजून घेऊनच राहिले हे मले."