लंडनच्या मूर्तीला मारलेली टिचकी

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगतो. तोवर चहा ओता.

तर आमचा पेणला रामवाडीकडे गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे भोंगा वगैरे नाही हो! पत्र्याची लांबलचक शेड आणि आत रांगेने बसलेले गणपती. एकदा थेट लंडनहून फोन आला. तिथल्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव असतो, त्यांचा सेक्रेटरी, सुहास नावाचा तरुण पोरगा. शंभर मूर्ती हव्या होत्या. त्याने एकच गोष्ट विचारली, "काका, डोळ्यांची आखणी कोण करतं? आमच्या अध्यक्षांचं सगळं लक्ष डोळ्यांवर असतं."

"मीच!" मी म्हटलं. "तीस वर्षं झाली, दुसऱ्या कुणाला त्या ब्रशला हात लावू देत नाही."

आता खरं काय ते ऐका. आखणी करते आमची ही. रोह्याची पोरगी, लग्न होऊन आली आणि महिन्याभरात डोळे काढायला बसली. मी डोळा काढला तर गणपती तिरळा होईल! पण बोलून गेलो. ही शेजारीच रंग कालवत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत रंग कालवायला लागली.

नमुन्याची मूर्ती घेऊन आम्ही दोघांनी लंडनला जायचं, अध्यक्षांनी बघायची आणि पसंत पडली तर तिथल्या तिथे ऑर्डर, असं ठरलं. मी तर मनातल्या मनात जुन्या शेडमागे नवी शेड बांधूनही टाकली होती.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक होती. "दिवसभर मोकळेच आहोत, लंडन दाखवतो," सुहास म्हणाला. मग काय, सकाळपासून पायपीट! राजवाडा झाला, घड्याळाचा मनोरा झाला, एक पूल झाला, मग दुसरा पूल झाला. हिने साडीखाली बूट घातले होते आणि ती माझ्यापेक्षा जोरात चालत होती.

त्या शहरात जिकडे बघावं तिकडे पुतळे. घोड्यावरचे, पायी चालणारे, टोपीवाले, बोडके. आणि मी गप्प बसतो होय? "हा ओतीव आहे. याचा डावा खांदा उतरलाय. हे सिंह बरे आहेत, पण आयाळ कंटाळून केलेली दिसते." सुहास बिचारा भारावून गेला. "काका, काय नजर आहे तुमची!" असं म्हणत तो माझं बोलणं मोबाईलवर घ्यायला लागला. कशाला? तर मंडळाच्या ग्रुपवर टाकायला!

दुपारी नदीकाठी आलो, तर तिथे पुन्हा एक पुतळा. चांदीच्या रंगाचा उभा माणूस, डोक्याला उंच टोपी, हातात छत्री. भोवती ही गर्दी! पुढ्यात डबा, डब्यात नाणी. मला नवल वाटलं नाही. आपल्याकडे नाही का मूर्तीपुढे दक्षिणा ठेवत?

मी जवळ जाऊन बघितलं आणि खरंच थक्क झालो. "सुहास, हे काम बघ. पॉलिश पेपर मारून मारून हात गेले असतील. साच्याचा सांधा कुठे दिसतोय का? नाही! रंग स्प्रेनं मारलाय, एकसारखा."

मागून ही म्हणाली, "अवो, त्याचं डोळं बगा. ओलं हायेत."

"वॉर्निश हाय गो ते!"

"वॉर्निश नाय. मना तर तो जित्ता वाटतोय."

"डोळ्यातलं तू मला शिकवतेस?" मी म्हटलं. हे मी कुणाला म्हटलं, ते ध्यानात घ्या!

आता आमच्या धंद्यात मूर्ती तपासायची एक रीत आहे. पोटावर टिचकी मारायची. पक्की असेल तर टणटण वाजते, आतून तडा असेल तर बद्द आवाज येतो. मी सुहासला म्हटलं, "ऐक हां," आणि त्या चांदीच्या पोटावर सणसणीत टिचकी हाणली.

आवाज आलाच नाही. पोट आत गेलं.

आणि वरून मूर्ती म्हणाली, "गुड आफ्टरनून, सर."

"आयो! जित्ता हाय!" अशी बोंब मारून मी जो मागे सरलो, तो थेट एका मेमसाहेबांच्या आईस्क्रीमवर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा म्हातारा खेळातलाच. अंगाला रंग फासून पुतळा होऊन उभं राहायचं, हाच त्याचा धंदा! त्या भल्या माणसाने माझा हात धरला, मला शेजारी उभं केलं आणि दोघांनी मिळून वाकून नमस्कार केला. पाठीला आईस्क्रीम, हाताला चांदी!

तासाभरात रोह्याहून मेव्हण्याचा फोन. "भावोजी, गोऱ्याच्या पोटात काय शोधत व्हता?" म्हणजे बघा, सुहासच्या ग्रुपवरून ते रोह्यापर्यंत गेलंसुद्धा!

संध्याकाळी बैठकीत मंडळाचे सात जण हसू दाबून बसलेले. एकटे अध्यक्ष गंभीर. त्यांनी आमची मूर्ती समोर ठेवली, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"डोळे सुरेख आहेत. तुम्हीच काढलेत?"

आली का पंचाईत! खरं सांगावं तर खोटारडा ठरतो, ऑर्डर जाते. खोटं रेटावं तर ही शेजारी बसलेली. अध्यक्षांनी उत्तराची वाट न बघता मोबाईलवर सुहासने घेतलेला तो व्हिडिओ लावला. मला वाटलं, आता टिचकी. पण त्यांनी त्याच्या आधीच थांबवलं, हिच्या आवाजावर. 'अवो, त्याचं डोळं बगा. ओलं हायेत.'

"दीड हातावरचे जिवंत डोळे ज्याला दिसले नाहीत," ते म्हणाले, "त्याने हे डोळे काढलेत, हे मला पटत नाही."

"ही काढते, साहेब," मी म्हटलं. "पहिल्यापासून हीच काढते. मी खोटं बोललो." लाज वाटली हो, खरंच. टिचकीची नाही, याची.

त्यांनी ऑर्डरचा कागद ओढला, माझं नाव खोडलं आणि हिच्याकडे वळले. "ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा." शंभर मूर्ती, हिच्या नावावर!

मग त्यांनी मला सहज विचारलं, "आणि कारखान्यात तुम्ही काय करता?"

मी घसा खाकरला, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होतो.

तेवढ्यात ही म्हणाली, "ते व्हय? ते बोलतात."