हातवरचा मुका मार्कर

बावीस वर्षं तो रोज एकच वाक्य म्हणत आला होता, "आवाज ऐकू आला की हात वर करा." कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायचं त्याचं काम. पेशंटला जाड दाराच्या, बाहेरचा काही आवाज येऊ न देणाऱ्या खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, आपण काचेच्या अलीकडे बसून बटणं दाबायची. वाक्य म्हणता म्हणता स्वतःचा उजवा हातही वर करून दाखवायचा, कारण जे ऐकायला कमी येणार ते निदान दिसावं. सवय इतकी अंगात मुरली होती की बाजारात मागून कुणी हाक मारली तरी मान वळायच्या आधी त्याचा हात वर जायचा.

या हातानेच त्याचा घात केला. दवाखान्याची वर्षाची सहल गावाबाहेरच्या पेंटबॉलच्या मैदानावर गेली. रिकामी पिंपं, टायरचे ढीग, तोंडावर मुखवटे आणि हातात हवेच्या दाबावर रंगाच्या गोळ्या उडवणारं यंत्र. त्याला तिथे बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. अंगावर गोळी फुटली की आपला हात वर करायचा आणि मुकाट बाहेर चालू लागायचं, एवढा साधा नियम. खेळ सुरू झाला आणि दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाई टायरमागून ओरडल्या, "अहो, इकडे या!" झालं. हात वर गेला. पंचाने शिट्टी वाजवली. एकही गोळी न खाता आणि एकही न झाडता बाद झालेला त्या मैदानावरचा तो पहिला गडी.

सगळे पोट धरधरून हसले. मैदानावर रविवारी खेळणाऱ्या संघाची कप्तान बाजूलाच उभी होती. आठवडाभर शाळेची बस चालवणारी, खणखणीत आवाजाची बाई. सगळे तिला ताईच म्हणत. तिने जागच्या जागी त्याचं बारसं केलं. "काय हो हातवर, घाई होती का घरी जायची?"

त्याला राग यायला हवा होता. पण घरी जाताना बसमध्ये त्याने ते नाव मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं. टोपणनाव पडायला निदान दोन माणसं लागतात, एक पाडणारा आणि एक ज्याचं पडतं तो. त्याच्या घरात दुसरं माणूस उरलं नव्हतं.

आई होती तोवर घरात आवाज होता. शेवटची काही वर्षं तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. गावाचे कान तपासणाऱ्याची आई बहिरी, यावर ती स्वतःच हसायची. मशीन कानात घालायची नाही, म्हणायची, "त्यात मला माझ्याच दातांचा आवाज येतो." आतल्या खोलीतून दिवसातून दहादा विचारायची, "आहेस का रे?" आणि तो स्वयंपाकघरातून छाती फुटेस्तोवर ओरडायचा, "आहे गं आई!" खालच्या मजल्यावरचे लोक त्यावर घड्याळ लावत. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात तो नळाशी बोलला असेल तेवढाच, तेही नळ गळायला लागला म्हणून. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. त्याला झाली नव्हती.

म्हणून तो दर रविवारी मैदानावर जाऊ लागला. भाड्याचा मार्कर घ्यायचा, कुणाचा गडी कमी असेल त्यांच्यात उभं राहायचं. मग ताईच्या संघातला एक जण बदली होऊन गेला आणि पाचवी जागा रिकामी झाली.

"या भाड्याच्या खटाऱ्यावर नाही भागायचं," ताई म्हणाली. "स्वतःचा इलेक्ट्रॉनिक घ्या. महिनाअखेरपर्यंत आणलात तर जागा तुमची. नाहीतर मी दुसरा गडी बघते. मला थांबता येणार नाही हो."

पाचवी जागा! त्याने मन लावून अभ्यास सुरू केला. साध्या मार्करला घोडा दाबायला जोर लागतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोट नुसतं टेकवायचं, बाकीचं काम बॅटरी करते. आत एक बारीक डोळा असतो, गोळी नीट जागेवर बसल्याशिवाय तो हवा सोडूच देत नाही, त्यामुळे गोळी आतल्या आत चिरडत नाही. त्याने हे सगळं थोरल्या बहिणीला फोनवर समजावून सांगितलं.

"पन्नाशी उलटली तुझी," ती म्हणाली. "लोक या वयात गुडघे सांभाळतात. तुला बंदूक सुचली?"

"मार्कर म्हणतात त्याला, अक्का."

"काही म्हणोत. फार महागडा घेऊ नकोस, आणि डोळे सांभाळ." मग थोडं थांबून म्हणाली, "सोबत असते ना रे तिथे कुणाची?"

"असते," तो म्हणाला. ते अजून खरं व्हायचं होतं.

दुकानदार बोलका होता. त्याने काउंटरवर तीन मार्कर मांडले. पहिल्याला छोटा पडदा, पडद्यावर आकडे. त्याची किंमत ऐकूनच त्याने हात मागे घेतला. दुसरा स्वस्त, दणकट, अंगावर ओरखडे असलेला. झाडला की फाट् असा आवाज, खांद्याला धक्का आणि दुकानातली काच थरथरायची. तिसरा मागच्या वर्षीचा, कुणीतरी दोन महिने वापरून परत विकलेला, म्हणून ऐपतीत बसणारा. दुकानदाराने हवेची टाकी जोडून तो झाडला. नुसतं फुस्स झालं, कुणी उशीवर बसावं तसं.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला आणि त्याने मार्कर कानाशी धरला. "हवा गळतेय."

"छे हो! मी सकाळीच तपासलाय."

"मागच्या बाजूला. अगदी बारीक."

दुकानदाराने साबणाचं पाणी लावलं. बराच वेळ काही नाही, मग राईएवढा एक बुडबुडा फुगला. दुकानदाराने कानाला हात लावला, रबराची चकती फुकट बदलून दिली आणि वर भावही थोडा उतरवला. "कान आहेत की काय आहेत तुमचे! हाच घ्या. इतका हळू आवाज की समोरच्याला कळायचं नाही तुम्ही कुठे लपलाय."

हळू आवाज म्हणजे चांगलं यंत्र, गोंगाट म्हणजे खराब, हे त्याच्या धंद्याचं गणित. बावीस वर्षं शांततेचा पगार घेतलेला माणूस दुसरं काय निवडणार? दणकट, फाट् करणाऱ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. समोरच्याला कळणार नाही एवढंच त्याने ऐकलं. आपल्या माणसांना तरी कसं कळेल, हे दुकानदार बोलला नाही आणि याने विचारलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो संघात उतरला. ताईने त्याला डाव्या कडेला, एकदम पुढच्या पिंपामागे पाठवलं. तो छान खेळला, हे सांगायलाच हवं. गुडघा चिखलात रुतवून त्याने दोघांना टिपलं, आणि त्या दोघांना गोळी कुठून आली हे बाहेर जाईपर्यंत कळलं नाही. मग समोरून काहीच येईना. तो वाट बघत राहिला. मुखवट्याची काच धुरकटली. लांबून शिट्टीसारखं काहीतरी आलं, पण शिट्ट्या शेजारच्या मैदानावरही वाजत होत्या. डाव संपला म्हणावं, तर कुणी बोलावलं नव्हतं. आपला गडी आपल्याला सांगायला येईलच, म्हणून तो पडून राहिला.

कुणी आलं नाही. शेवटी पंच मैदानातली खुणेची झेंडी उचलायला आला आणि दचकून म्हणाला, "अहो, तुम्ही अजून इथेच?"

त्याचा संघ डाव केव्हाच हरला होता. चौघं चहाच्या टपरीशी उभी होती, कपही अर्धे झाले होते. त्याला येताना बघून ताई ओशाळली. "अहो हातवर! तुम्ही कधीच बाद झालात असं वाटलं आम्हाला. तुमच्या बाजूने आवाजच नाही. आम्ही डावी कड सोडून दिली आणि तिथेच हरलो."

"मी दोन टिपले," तो म्हणाला.

"ते कुणाला कळलं?"

त्या पिंपामागे पडल्या पडल्या त्याला जे वाटलं होतं, ते त्याने तिला सांगितलं नाही. पूर्वी घरी दर रविवारी असंच वाटायचं.

सोमवारी तो दुकानात गेला. एकदा रंग उडालेला मार्कर परत घेत नाहीत, दुकानदाराने हळहळत सांगितलं. त्याने ताईला फोन केला. तीही खूप विचार करून बोलली असावी, कारण तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "हे बघा, मार्कर मुका आहे तर माणसाने बोलायला हवं. मी हाक मारीन, तुम्ही ओरडून सांगायचं, आहे म्हणून. एवढंच. या रविवारी जमलं तर ठीक. नाहीतर मला खरंच दुसरा गडी घ्यावा लागेल."

एवढंच! बुधवारी दुपारी पेशंट नव्हते. तो स्वतःच जाड दाराच्या खोलीत जाऊन बसला. इथे ओरडलं तर परमेश्वरालाही ऐकू जाणार नाही. त्याने दार लावलं, छातीत हवा भरली आणि म्हणाला, "आहे." कुणाच्या पायावर पाय पडल्यावर माफी मागावी तसा तो शब्द बाहेर आला. पुन्हा म्हणाला, तर त्याहून हळू. दोन वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, तर उत्तराचा घसा कुठून राहणार? काचेपलीकडून काउंटरवरच्या बाईंनी हातानेच विचारलं, कुणाशी बोलताय? त्याने मान हलवली. कुणाशीच नाही.

रविवारी पुन्हा तोच डावा कोपरा, तेच पिंप. शिट्टी झाली. दोन्हीकडून फाट् फाट् सुरू झालं, त्याच्या हातातला मार्कर मात्र उशीवर बसल्यासारखा फुसफुसत होता. मागून ताईची हाक आली, "हातवर, आहात का?"

तो म्हणाला, "आहे." मुखवट्याच्या आतच विरलं.

"हातवर!"

त्याने तोंड उघडलं. काही येईना. पलीकडे आपली दोन माणसं उजवीकडे सरकताना त्याला दिसली. डावी कड सोडून चालली होती, मागच्यासारखीच. तेवढ्यात ताईने शेवटचं विचारलं, आणि घाईत, अगतिक होऊन, मुलांना बसमध्ये मोजताना विचारावं तसं विचारलं, "अरे, आहेस का रे?"

"आहे गं आई!"

सगळं मैदान गप्प झालं. शेजारच्या मैदानावरचाही खेळ क्षणभर थांबला म्हणतात. मग कुणीतरी खो खो हसलं, आणि तो कुठे आहे हे आता समोरच्या पाचही जणांना पक्कं कळलं. तीन गोळ्या एकदम आल्या. एक खांद्यावर, दोन मुखवट्यावर. सगळं जग नारिंगी झालं.

त्याने हात वर केला. या वेळी नियमाप्रमाणे. काच पुसत कडेने चालू लागला, तर मागून आपल्या माणसांची आरोळी आली, "हातवर गेला रे! डावी बाजू सांभाळा!" आणि दोघं धावत त्याच्या पिंपामागे आली. तो दोरीबाहेर जाऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं. रंग गेला असेल डोळ्यांत, असं पंचाला वाटलं आणि त्याने ते तसंच वाटू दिलं.

डाव त्यांनी जिंकला. ताई मुखवटा काढत थेट त्याच्यापाशी आली. हसायच्या बेतात होती, पण त्याचा चेहरा बघून हसली नाही. "एवढा मोठा आवाज आहे होय तुमच्यात? इतके दिवस ठेवला होतात कुठे?"

"घरी," तो म्हणाला. "तिथे आता लागत नाही."

टपरीकडे वळून तिने पाच चहा सांगितले.