दोनशेवा हिस्सा

हरिबा कांबळेचा मला पहिलं वर्ष-दीड वर्ष नुसता राग यायचा. सहासष्ट साली कडेगावजवळच्या एका दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून गेलो, तेव्हा तो तिथे मुरलेला होता. कागदोपत्री ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, पण औषधं तोच बनवायचा. चौथी शिकलेला, लढाईच्या काळात फौजेच्या इस्पितळात राबलेला, अंगात कायम इस्त्रीचा खाकी सदरा. ज्यांना त्याच्या हातचं पाणी चालत नसे, ते त्याच्या हातचं औषध बिनतक्रार पीत.

राग यायचा तो त्याच्या एका खोडीचा. मी चिठ्ठीवर टक्के लिहायचो आणि तो त्याचे अपूर्णांक करायचा. पाच टक्के लिहिलं की हा खिडकीतून विचारणार, "विसावा हिस्सा न्हवं, साहेब?" अडीच टक्के लिहिलं की "चाळिसावा?" मी हो म्हटल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. मग त्या बाटलीवर कागदाची पट्टी डकवून त्यावर हिस्सा लिहायचा. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे त्याला तोंडपाठ होते. पुण्याला शिकून आलेल्या माणसाची हा रोज चौथीची परीक्षा घेतो, असं मला वाटे. एकदा मी चिडून म्हणालो की टक्के साऱ्या जगाला कळतात, तुम्हालाच का कळत नाहीत? तो शांतपणे म्हणाला, "टक्का कागदावर ऱ्हातो, साहेब. हिस्सा मापात धरता येतो."

दर शनिवारी तो आपल्या म्हाताऱ्या आईला, चंद्राबाईला, हाताला धरून डोळ्यांत थेंब घालायला आणायचा. थेंब जस्ताचे, पाव टक्क्याचे. सख्ख्या आईच्या थेंबांनाही त्याची सूट नव्हती. "चारशेवा हिस्सा," मला म्हणावं लागायचं, मगच बाटली पुढे यायची.

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला. आमच्या दोघांची रवानगी तिकडे झाली. कोयनानगरच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या शेतात दोन तंबू ठोकले होते, तोच दवाखाना. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी किती जखमा शिवल्या ते मला आठवत नाही. झोप नव्हती. जमीन अधूनमधून हलायची आणि ट्रेमधले चिमटे वाजायचे. एवढ्यात बायडाबाई नावाची बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला पाठुंगळी घेऊन आली. शालू तिचं नाव. तुळईखाली सापडून मांडी गुडघ्यापर्यंत फाटली होती, दोन दिवसांची माती आत, आणि वाटेतल्या हिसक्यांनी जखम पुन्हा वाहायला लागली होती. कराडला पाठवावं तर वाटेत दरड आली होती. संध्याकाळपर्यंत गाडी सुटणार नाही, असं पोलीस सांगून गेला. तोवर रक्त थांबणार नव्हतं. तिथेच बधिर करून साफ करायचं आणि शिवायचं, दुसरा मार्ग नव्हता.

बधिर करण्याच्या औषधाची एकच बाटली उरली होती, तीस सीसीची, दोन टक्क्यांची. जखम मोठी, म्हणून मला अर्ध्या टक्क्याचं चाळीस सीसी हवं होतं. मी हरिबाला म्हणालो, वीस सीसी औषध घ्या, वीस सलाईन घाला, लवकर.

तो हलला नाही. "हिस्सा किती, साहेब?"

मी म्हणालो, अर्धा टक्का म्हणजे अर्धं औषध, अर्धं पाणी, आणि आज शाळा नको. त्याने पुन्हा तेच विचारलं. बायडाबाई आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होती. मुलीच्या ओठांवरचा रंग उतरत चालला होता. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातली बाटली हिसकावली, सुई टोचली, वीस सीसी ओढून घेतलं आणि त्यात वीस सलाईन भरलं. सिरिंज घेऊन वळलो, तर हा खाटेच्या आणि माझ्या मधे उभा. मी त्याला बाजूला हो म्हणालो. नोकरी घालवीन म्हणालो. आणखी जे बोललो ते लिहायची आज लाज वाटते. त्याने सिरिंजवर सरळ आपला तळवा धरला. सुई त्याच्या हातात रुतली तरी त्याने हात काढला नाही.

"घालवा नोकरी. पर आदी हिस्सा बोला. बाटलीत किती?"

"दोन टक्के. पन्नासावा," मी दात ओठ खात म्हणालो.

"आन पायजे किती?"

"अर्धा टक्का. म्हणजे दोनशे..."

पन्नासाव्याचा दोनशेवा करायचा तर औषध चौथा हिस्सा लागतं. चाळीस सीसीत दहाच. मी अर्धा टक्का हा सरळ अर्धा धरून बसलो होतो, आणि एवढ्याशा जिवात दुप्पट औषध घालायला निघालो होतो. आधी झटके आले असते, मग श्वास थांबला असता, आणि त्या तंबूत तो पुन्हा सुरू करायला माझ्यापाशी काही नव्हतं. हरिबाने सिरिंज माझ्या हातातून काढून घेतली आणि टाकून दिली. बाटलीत दहा सीसी उरलं होतं, नेमकं लागणार होतं तेवढंच. स्पिरिटने हात पुसून त्याने दुसरी सिरिंज घेतली, ते दहा ओढलं, त्यात तीस सलाईन मिसळलं आणि मला दाखवून म्हणाला, "चौथा हिस्सा. बगून घ्या." मी दोनदा बघितलं.

शालूच्या पायाला सत्तावीस टाके पडले. टाके घालत असताना तिने आईकडे पाणी मागितलं, तेव्हा मला रडू आलं.

ऊन कलल्यावर कुणीतरी चहा आणला. तंबूमागे दगडावर बसून मी हरिबाची माफी मागितली. त्याने तळव्याला पट्टी गुंडाळली. मग म्हणाला की फौजेत असताना एका शिपायाच्या हाताला किरकोळ जखम होती. हात बधिर करायला साहेबाने अर्धा टक्का सांगितला, हरिबाने तो अर्धा समजून औषध आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं. कुणी काही विचारलं नाही. शिपाई त्याच्याच वस्तीतला, जोतीराम, बरोबरीने भरती झालेला. पाच मिनिटांत गेला.

"त्येच्या आईला मी सांगितलं, गोळी लागून गेला," हरिबा म्हणाला. "चंद्राबाई माजी आई न्हाई, साहेब. त्येची हाय."

इतक्या वर्षांत तिला खरं का सांगितलं नाही, एवढंच कसंबसं विचारलं.

"सांगून मी मोकळा हुईन. तिला कोन ऱ्हाईल?"

पंधरवड्याने आम्ही परत आलो. शनिवारी चंद्राबाई नेहमीसारखी बाकावर येऊन बसली. हरिबा बाटली घेऊन उभा राहिला, तळव्यावर सुईची खूण अजून दिसत होती. त्याने विचारायच्या आधी मीच मोठ्याने म्हणालो, "पाव टक्का. चारशेवा हिस्सा."

"ह्यो डाक्टर आज का वरडतोय रं?" म्हातारीने विचारलं.

"औषिद मोजत्यात, आई," तो म्हणाला. त्याने तिची मान मागे धरली आणि मी थेंब घातले.