हिरव्याखालचा लाल

संस्थेतला कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला तो इंग्रजी शाळेमुळे. चंद्रपूरला शिकलेली, इंग्रजी वाचता येणारी आणि कुठल्याच भाषेत फारसं न बोलणारी मुलगी. तिला गडचिरोलीच्या ऑफिसात कोपऱ्यातलं टेबल देणं सगळ्यांना सोयीचं होतं, मलाही. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. जंगलातल्या गावांमधून आमच्या आरोग्यसेविका दर आठवड्याला लहान मुलांची वजनं चिठ्ठीवर लिहून आणत. ती मी कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरायची आणि ज्या मुलाला दवाखान्यात आणायला हवं त्याचा चौकोन लाल करायची. सोमवारी लाल चौकोनांची नावं कागदावर उतरवायची. मंगळवारी ड्रायव्हरभाऊ तो कागद घेऊन जीप काढायचे. कागदावर नाव असेल त्याच घरापाशी जीप थांबायची.

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. आलापल्लीच्या पलीकडच्या गावातली सेविका चिठ्ठी घेऊन आली. सगळ्या सेविकांत ती वयानं मोठी. एका नावावर तिनं बोट ठेवलं.

"या पोरीचं वजन पाह्यू नका बाई. वाढलं दिसते, पन थे पान्याचं हाय. अंगावर सूज हाय तिच्या. पायावर बोट दाबलं त खड्डा पडते. लाल करा तिले."

मी तिच्यासमोरच चौकोन लाल केला.

"झालं?"

"झालं."

"पक्कं ना? नाई त मी तिच्या मायले रपट्यापाशी बसवतो, अन् तुमची जीप जाईन भुर्रकन." ती हसली. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल; पावसाळ्यात एसटी त्याच्या अलीकडूनच परत फिरायची. पाणी ओलांडून पुढे जायची ती फक्त आमची जीप.

त्याच दुपारी नागपूरचा एक तरुण इंजिनियर आला. तो अधूनमधून दोन-तीन आठवडे मुक्कामाला येऊन संस्थेला मदत करायचा. मी एकेक चौकोन हातानं रंगवते हे पाहून त्याला हसू आलं. त्यानं तक्त्याला नियम लावून दिला. वजन ठरलेल्या आकड्याच्या खाली असेल तर चौकोन आपोआप लाल, नाहीतर हिरवा. "आता तुला काही करायचंच नाही," तो म्हणाला. पडदा एकदम रंगीत झाला. मला तो आवडलासुद्धा.

सोमवारी यादी उतरवताना त्या पोरीच्या नावापाशी आले, तर चौकोन हिरवा. मी पुन्हा लाल रंग निवडून दाबला. हिरवाच. आणखी दोनदा दाबला. इंजिनियर बाहेर ओसरीवर चहा पीत बसला होता, त्याच्याभोवती चारपाच जण. विचारायचं म्हणजे उठून तिथे जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की मला रंग देता येत नाही. मी उठले नाही. कॉम्प्युटर वजन बघूनच रंग देतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या पोरीचं नाव सोडून पुढच्या लाल चौकोनावर गेले. पेन हातातच होतं. नाव लिहायला रंग लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं, हे आज खात्रीनं सांगता येत नाही.

पुढच्या चिठ्ठ्या घेऊन सेविका आली ती थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसली. मग तिनं सांगितलं. माय पोरीला घेऊन मंगळवारी सकाळपासून रपट्यापाशी बसली होती. जीप आली तशी तिनं हात केला. जीप थांबली नाही. शुक्रवारी पोरगी गेली.

"लाल केलं होतं ना बाई?" तिनं विचारलं.

"केलं होतं."

हे खरं होतं. म्हणूनच ते मला अजून सोडत नाही.

नव्या चिठ्ठीत त्या नावासमोर काही लिहिलेलं नव्हतं. मला ती ओळ पुसवेना. शून्यही लिहवेना. चौकोन मी कोरा सोडला आणि पडद्याकडे न बघताच कॉम्प्युटर बंद केला. रात्रीपासून ताप भरला, तो आठवडाभर उतरला नाही. त्या सोमवारची यादी इंजिनियरनंच उतरवून दिली.

कामावर परतले तर ड्रायव्हरभाऊ दारातच उभे.

"काय म्याडम, कोनाच्या घरी पाठवलं मले? यादीत नाव होतं म्हणून गेलो. त्या बाईनं मले पाह्यलं अन् म्हणली, आता आली का गाडी?" त्यांनी तंबाखू चोळायला घेतली होती, ती तशीच हातात राहिली. "पाह्यलं होतं मी तिले रपट्यापाशी. वाटलं, एसटीची वाट पाहून राह्यली."

पावसाळ्यात एसटी रपट्याच्या पलीकडे येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

या वेळी मी इंजिनियरला विचारलं, कोऱ्या चौकोनाचं नाव यादीत कसं गेलं. त्यानं सहज सांगितलं, "कोरा चौकोन म्हणजे त्याच्या लेखी शून्य. शून्य कमीच ना, म्हणून लाल."

"आणि मी हातानं दिलेला रंग?"

"तो कुठे जात नाही. खाली तसाच असतो, वर नियमाचा दिसतो." त्यानं क्षणभर नियम काढून दाखवला. जिवंतपणीच्या तिच्या शेवटच्या वजनावर माझा लाल होता, दिला तसा. "अगं, त्याच दिवशी विचारायचं ना," तो म्हणाला. काय झालं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मी जीपमधून गेले. सेविकेला वाटेत सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"मंग आता तिच्या मायले काय सांगू? मशीननं झाकलं म्हनू?"

"मी सांगते. मला दिसलं होतं, हेही सांगते."

"सांगा."

अंगणात आम्ही उतरलो तेव्हा माय भात पाखडत होती. जीप पाहिली आणि ती उठली. तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही. पोरीचा धाकटा भाऊ अंगणात खेळत होता, चांगला गुटगुटीत. त्याला तिनं उचललं, आत नेलं आणि बांबूची ताटी ओढून घेतली. सेविकेनं गोंडीत हाक मारली. आतून एकच वाक्य आलं.

"काय म्हणाली?"

"म्हंते, याचं नाव कोनं लिवलं?"

"कोणीच नाही लिहिलं, सांगा तिला."

सेविकेनं सांगितलं. ताटी उघडली नाही. आत पोर रडत होतं आणि ती त्याला गप्प करत होती, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी ताटीपाशी उभी राहिले. वाक्य मी गडचिरोलीपासून जुळवून आणलं होतं. पण पोरगी गेल्यावर तिच्या नावानं आलेली गाडी आता धाकट्याच्या नावानं आली, असं मायला वाटत होतं. जीप अंगणात असेपर्यंत तिला दुसरं काही ऐकू येणार नव्हतं. मी ड्रायव्हरभाऊंना जीप न्यायला सांगितली. ती दिसेनाशी झाल्यावर पोराचं रडणं थांबलं. आम्ही दोघी अंगणात बसून राहिलो.