तीन हमबकर, दोन कागद

माझा नवरा अवधूत कानांवर जगतो. हे मी कौतुकाने म्हणत नाही, त्याच्या नोकरीच्या पत्रात जवळपास तसंच लिहिलं आहे. कॉव्हेंट्रीत गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत तो आवाजाच्या विभागात आहे. नवी गाडी बाजारात यायच्या आधी तिच्यात बसायचं, ती पळवायची आणि कुठे काय करकरतंय, खुळखुळतंय, शिट्टी मारतंय ते ऐकायचं. विजेच्या गाड्या आल्यापासून त्याचा भाव आणखी वाढला, कारण इंजिनाची घरघर गेली आणि तिच्याखाली दडलेले सगळे बारीक आवाज उघडे पडले. आधी तो चाकणला हेच काम करायचा. इथल्यांनी त्याला त्याच्या कानांसाठी बोलावून घेतलं, आणि त्याच्या व्हिसाचं शेपूट धरून मी आले.

घरात असा माणूस असणं हे सुख नाही. शेजारच्या बाईंचा बॉयलर बिघडणार हे त्याने भिंतीच्या अलीकडून ओळखलं आणि आपणहून जाऊन सांगितलं. आठवड्याने तो खरंच बिघडला, तेव्हापासून त्या आमच्याकडे संशयाने बघतात. मी ओट्याशी उभी असताना माझ्या काचेच्या बांगडीला चीर गेलीय हे त्याला हॉलमध्ये कळतं. मी त्याच्याबद्दल पुटपुटते तेही कळतं, हा त्यातला सगळ्यात मोठा ताप. म्हणून फेब्रुवारीत त्याला फ्लू झाला, पाच दिवस ताप राहिला आणि उतरताना दोन्ही कानांत दडे बसले, तेव्हा मला खरं सांगायचं तर दोन दिवस बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी जिन्याखालून त्याला जेवायला हाक मारली. चार वेळा मारली. वर जाऊन बघितलं तर तो दाराकडे डावा कान करून खिडकीशी उभा होता, जागा, धडधाकट, आणि त्याने मान वळवली नाही.

इथे आमच्यासारख्यांना भीतीसुद्धा हिशेबशीर वाटते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ असतं. मी कौन्सिलमध्ये लोकांच्या पार्किंगच्या तक्रारींना उत्तरं लिहिते, पण माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला, आणि त्याचा व्हिसा त्याच्या कानांना. बहिऱ्या माणसाला गाडीचा आवाज ऐकायला कोण ठेवेल? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. स्वतःलाही घाईघाईतच विचारला आणि कुकर लावायला गेले.

त्याच शनिवारी त्याने गिटार काढली. कॉलेजात हॉस्टेलवरच्या एका मुलाकडून घेतलेली ती लाल इलेक्ट्रिक गिटार आमच्याबरोबर इथवर आली आहे आणि तिच्यासाठी विमानात माझी एक बॅग कमी झाली आहे. पाच मिनिटं वाजवून तो खाली आला.

"पिकअप गेलाय. आवाज बसलाय पार. वरून घोंगडी टाकल्यासारखा येतोय."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची पट्टी. तार थरथरली की ती थरथर विजेत बदलून ॲम्प्लिफायरकडे पाठवते. याच्या गिटारमध्ये हमबकर जातीचे पिकअप आहेत. त्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी शेजारीशेजारी उलटसुलट जोडलेली असतात, म्हणजे विजेची घरघर एकमेकांत मरते आणि तारेचा सूर तेवढा उरतो. हे सगळं मला त्यानेच लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात समजावलं होतं. चुंबक सहसा मरत नाही, पन्नास वर्षं टिकतं, हेही त्यानेच सांगितलं होतं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होता. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण भीती वाटायला लागली की मी फार समजूतदार होते, आणि समजूतदार बायका असं काही विचारत नाहीत.

"मग बदल ना," मी म्हटलं.

पुढचा आठवडा आमच्या घरात हमबकर निवडण्यात गेला. लॅपटॉपवर तक्ता झाला. कुठल्या पिकअपमध्ये कुठलं चुंबक, तारेचे वेढे किती, खालचे खिळे गिटारच्या तारांच्या बरोबर खाली येतात का, सगळं. शेवटी तीन मागवले. पहिल्यात मवाळ चुंबक, आवाज गोड आणि गोल. दुसऱ्यात त्याहून जोरकस. तिसरा सिरॅमिक चुंबकाचा, सगळ्यात कडक, धारदार. जे आवडणार नाहीत ते परत करता येणार होते, फक्त त्यांच्या वायरी कापायच्या नाहीत.

"माझी पत्रिकासुद्धा एवढी तपासली नव्हतीस," मी म्हटलं.

तो हसला, पण उशिरा, आणि माझ्या ओठांकडे बघून. मी उगाचच सिंकमधली भांडी मोठ्याने आवरायला लागले.

पुढच्या शनिवारी दुपारी त्याने मला वरच्या छोट्या खोलीत बसवलं. तिन्ही पिकअप त्याने आळीपाळीने चिमट्यांनी जोडून बघितले होते, आणि प्रत्येकावर तेच चार सूर वाजवून लॅपटॉपमध्ये भरून ठेवले होते. प्रत्येक पिकअपचे तीन तुकडे, एकूण नऊ. कुठला कधी वाजेल ते लॅपटॉप ठरवणार, आम्हा दोघांनाही माहीत नसणार. त्याच्या ऑफिसात असं करतात. माणसं बोलावून गाडीत बसवतात, आवाज ऐकवतात आणि गुण द्यायला लावतात. त्याला ते ज्युरी म्हणतात.

"एक ते दहा. आवाजाला धार किती, एवढंच," तो म्हणाला. "बोलायचं नाही. माझ्या कागदावर बघायचं नाही. आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहायचं नाही. प्लीज."

प्लीज हा शब्द तो घरात वापरत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पहिला तुकडा वाजला. छान होता, मऊ. मी पाच लिहिले. दुसरा वाजला आणि माझ्या दाढेत कळ गेली. स्टीलच्या पातेल्यात कुणी उलथन्याने खरवडावं तसा आवाज. मी नऊ लिहिले आणि त्याचं तोंड कसं झालंय ते बघायला मान वळवली. तोंड शांत होतं. कागद मांडीवर होता आणि त्याचं अक्षर आधीच मोठं. पहिल्यापुढे दोन. दुसऱ्यापुढे चार.

चार. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग कळलं की माझं काही चुकत नाहीये. भीती म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर समजलं. दोन कागद, त्यावर दोन आकडे, आणि ते तसेच राहिले तर थोड्या वेळाने तो ते शेजारीशेजारी ठेवणार. मग जे व्हायचं ते होणार. मी पेन्सिलीच्या मागच्या रबराने नऊ खोडले. खोलीत दुसरा आवाज नव्हता. बांगडीची चीर हॉलमधून ऐकणाऱ्या माणसाला हातभर अंतरावर घासलेलं रबर ऐकू आलं नाही.

मी चार लिहिले. मग वरच्या ओळीतल्या पाचाचे तीन केले.

शाळेत मी कधी कॉपी केली नाही. दहावीला पुढच्या बाकावरची मुलगी अख्खा पेपर उघडा धरून बसली होती, तरी मी मान वर केली नव्हती. इथे मी उरलेली सातही उत्तरं नवऱ्याच्या मांडीवरून उतरवली. संशय येऊ नये म्हणून मध्येमध्ये एकाचा फरक ठेवला, सराईत मुलं ठेवतात तसा. तो सिरॅमिक आणखी दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी दात आवळले आणि त्याच्यासारखं शांत तोंड करून बसले.

त्याने दोन्ही कागद शेजारीशेजारी धरले. बराच वेळ धरले. मग तो खाली, गालिच्यावर बसला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. मला वाटलं पकडली गेले.

"सारखंच आहे," तो म्हणाला. "कस्तुरी, तुला आणि मला सारखंच ऐकू येतंय गं."

"मग?"

"अगं, पिकअपचं काही नव्हतंच. जुना पिकअप ठणठणीत आहे. मला माझे कान बघायचे होते." तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "ऑफिसच्या डॉक्टरकडे गेलो असतो तर नोंद झाली असती. आपल्या भागातल्या जीपी डॉक्टरला शुक्रवारी गुपचूप भेटलो. म्हणाली, असं अचानक झालं तर एकेक दिवस महत्त्वाचा असतो, उशीर झाला तर औषधाचा उपयोग होत नाही. सोमवारी दहाची हॉस्पिटलची वेळ लावून दिली. मी दोन रात्री झोपलो नाहीये. गुरुवारी गाडीत तिघं जण मोटरच्या शिट्टीने वैतागले होते, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी नुसती मान हलवली. पण ते सर्दीमुळे असणार. तुझे आकडे बघ ना."

त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्याने माझ्यासमोर फोन काढला आणि सोमवारची वेळ रद्द केली. मी त्याचा अंगठा बघत होते. एक शब्द बोलले असते तर तो अंगठा थांबला असता. तो म्हणाला, चहा टाकतो, आलं घालून. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी पुण्याहून त्याच्या आईंचा फोन आला. तो आंघोळीला गेला होता. "अगं, त्याचे दडे सुटले का?" आईंनी विचारलं. "हो, अहो आई, छान आहे सगळं," मी म्हटलं. परदेशात राहून हे एक वाक्य मी इतकं घासलं आहे की ते झोपेतही बरोबर येतं. फोन ठेवला आणि मला स्वतःची इतकी चीड आली की मी ओट्यावर मूठ आपटली.

दुपारी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून गिटार उताणी ठेवली. इतके मागवलेच आहेत तर एक बसवून टाकू, असं त्याने ठरवलं होतं, आणि त्यातल्या त्यात जिवंत म्हणून सिरॅमिक निवडला होता. त्याची निवडसुद्धा माझ्याच कॉपीवर पक्की झाली होती. आज एकदा वायरी कापल्या की तो परत जाणार नव्हता. वायरी जोडायच्या तापलेल्या डाखणीचा धूर नाकाला झोंबत होता. चार रंगांच्या चार वायरी त्याने सोलून वेगळ्या केल्या. मी टॉर्च धरून त्याच्या डाव्या हाताला बसले होते. तो शीळ घालत होता. सूर किंचित चढा लागत होता. इतक्या वर्षांत मी त्याला बेसूर ऐकलं नव्हतं.

घड्याळात तीन वाजले होते. सोमवारचे दहा वाजायला एकोणीस तास होते, आणि त्या दहाला आता दुसराच कुणीतरी पेशंट जाणार होता.

"अवधूत," मी म्हटलं, "मी खोटं लिहिलं. तुझ्या कागदावर बघून लिहिलं."

मी डोळे मिटून घेतले. आता तो ओरडेल, गिटार ढकलून देईल, उठून जाईल. तसं त्याने करावं असंही मला वाटत होतं.

"टॉर्च जरा इकडे धर ना," तो म्हणाला. "सावली पडतेय."

मी टॉर्च धरली. त्याने हिरवी वायर जागेवर टेकवली, थेंबभर डाख सोडली आणि फुंकर घातली. मग तो पुन्हा शीळ घालायला लागला.

मी टॉर्च टेबलावर ठेवली. उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेले, खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे केलं. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. प्रत्येक शब्द सुटा करून सांगितला. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"तुझे खरे किती होते?" त्याने विचारलं.

"सिरॅमिकला नऊ. दाढा दुखल्या माझ्या."

"आणि मवाळला?"

"पाच."

त्याने मान हलवली, ऑफिसात एखादा रिपोर्ट वाचून हलवत असेल तशी. डाखणी स्टँडवर ठेवली, भिंतीवरचं बटण बंद केलं, हात पुसले. तो चिडला नाही. मी वाट बघत राहिले, पण तो चिडलाच नाही. टेबलावरचा माझा फोन उचलून त्याने माझ्या हातात दिला.

"आरोग्यसेवेच्या एकशे अकराला फोन लाव. आजच कुठे बघतील का विचार."

"तू बोल ना," मी म्हटलं. "ताप कधी आला, जीपी काय म्हणाली, तुला नीट सांगता येईल."

"तूच बोल, कस्तुरी," तो म्हणाला. "फोनवरचं मला काहीच कळत नाही. आठवडा झाला."